बेहड्याचा घेर

झाड मोजायचं ते छातीच्या उंचीवर. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की आमच्या गटातले लोक मला पाहिलं की मुद्दाम छातीवर हात ठेवून उभे राहतात. मला चिडवतात आणि मला ते आवडायचं. झाड उतारावर असेल तर वरच्या बाजूच्या जमिनीपासून उंची धरायची. बुंध्याला खाली फळ्यांसारखी मुळं फुटलेली असतील तर त्या फळ्या संपून खोड जिथे गोल होतं, तिथे टेप लावायचा. टेप खोडाला चिकटून हवा, मध्ये पोकळी राहता कामा नये. एकाने शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने फिरून यायचं आणि आकडा दोघांनी वाचायचा.

आमचा गट म्हणजे डोंबिवली-ठाण्यातली सात-आठ माणसं, काही नोकरीतली, काही निवृत्त. महिन्यातून एखाद्या रविवारी कल्याणहून जीप करायची आणि मुरबाड-शहापूरच्या डोंगरात जुनं रान शोधत हिंडायचं, एवढाच आमचा उद्योग. जुनं रान म्हणजे जिथे बऱ्याच पिढ्या कुऱ्हाड पोचलेली नाही असं. ते आता फार थोडं उरलंय, एखाद्या घळीत, कड्याच्या पोटाशी, नाहीतर देवाच्या धाकाने राखलेलं. ते हुडकायला उन्हाळ्याचं तोंड चांगलं. साग आणि ऐन पानं गाळून उघडे पडलेले असतात, सगळा डोंगर खरवडून काढल्यासारखा दिसतो आणि त्यात कुठेतरी एकच हिरवा गठ्ठा शिल्लक असतो. समोरच्या धारेवर उभं राहून तो हेरायचा आणि मग तिथवर पोचायची वाट शोधायची. पोचल्यावर आत काळोखी गारवा असतो, पायाखाली पाचोळ्याची गादी असते आणि मधोमध एखादा आंबा किंवा जांभूळ असा उभा असतो की आपला आवाज आपोआप खाली येतो.

मी एका विमा कंपनीत दावे तपासते. माणसं जे सांगतात त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. ती सवय मी घरीही आणली आणि रानातही नेली. गटात टेप माझ्याकडे असतो तो काही उगाच नाही.

आमच्यात ठाण्याचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी एकदा येऊरच्या रानातला एक आंबा शोधून काढला. लहान मुलासारखे हुरळले होते. आकडा त्यांनी आधीच मोजून ठेवला होता आणि आम्हाला दाखवायला घेऊन गेले. मी पाहिलं तर त्यांनी टेप मुळांवरून फिरवलेला. मी छातीच्या उंचीवर पुन्हा मोजलं, घेर बराच कमी भरला आणि मी तो तिथेच मोठ्याने वाचला. वर व्हॉट्सॲपच्या गटात लिहिलं, ‘मुळांचा घेर म्हणजे झाडाचा घेर नव्हे.’ लोकांनी हसरे चेहरे टाकले. सर म्हणाले, "बरोबर आहे ताई, चुकलंच माझं," आणि पाण्याची बाटली उघडून उगाचच बराच वेळ पाणी पीत राहिले. मी ते पाहिलं होतं. मला तेव्हा काही वाटलं नाही, आकडा बरोबर झाला याचंच समाधान होतं.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं.

आप्पा, माझे वडील, औषध कंपनीचे फिरते विक्रेते होते. आयुष्यभर दवाखान्यांच्या बाकांवर बसून बोलण्याची कमाई खाल्ली. बोलणं त्यांच्या अंगातच आहे. त्यांच्या गोष्टीतली नदी कायम दुथडी भरलेली असते, साप पुरुषभर उंच उभा राहतो आणि मोठमोठे डॉक्टर औषध लिहून देण्याआधी आप्पांना विचारतात. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायणाला सगळे जमले की कुणीतरी त्यांना खडा टाकून बघायचं, "मग आप्पा, त्या उल्हास नदीच्या पुराचं काय झालेलं?" आणि आप्पा सुरू व्हायचे. मी तीर्थप्रसादाचं ताट घेऊन फिरत असायचे. त्यांच्या पाठीमागे माणसं एकमेकांना डोळा मारताना मला दिसायची. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या. आई आत ओट्याशी म्हणायची, "थोडं कमी करून सांगत जा हो." आप्पा म्हणायचे, "अगं, कमीच करून सांगतो."

त्यांच्या साऱ्या गोष्टींत एक झाड होतं. त्यांचं गाव मुरबाडच्या वरच्या अंगाला. तिथून ते दहाव्या वर्षी शाळेसाठी काकांकडे कल्याणला आले ते आलेच. पुढे जमीन विकली गेली, घर पडलं, जाणं संपलं. गावामागच्या डोंगरात एक बेहडा होता. "आम्ही पाच जण हात धरून उभे राहायचो, तेव्हा कुठे वेढा पुरा व्हायचा." हे वाक्य मी इतकं ऐकलंय की ते सुरू झालं की मी कुकरची शिट्टी व्हायची वाट बघायचे. पाच जणांच्या कवेचा बेहडा मी आजवर पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. पुरातल्या पोहण्याच्या आणि पुरुषभर सापाच्या शेजारी मी तो ठेवून दिला होता.

आई गेल्यापासून आप्पा माझ्याकडे, ठाकुर्लीला राहतात. यंदा फाल्गुनात गटाची बैठक माझ्या घरी होती. कुठे जायचं ते ठरत होतं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, कुणीतरी चहाबरोबर खुर्ची दिली आणि बेहडा सुरू झाला. मी मध्येच म्हटलं, "आप्पा, त्याला साठ-पासष्ट वर्षं झाली. असेल का आता तो." पण सरांचे डोळे चमकले होते. "असेल तर काय सांगावं ताई. बेहडा सहसा तोडत नाहीत, त्यावर भूत असतं म्हणतात." दुसऱ्या एकीने लगेच फोनवर नकाशा काढला. आप्पा त्या पडद्यावर बोट ठेवून आपलं गाव शोधू लागले आणि त्यांच्या त्या बोटाकडे सगळे वाकून बघत होते. माझ्या घरात कुणी आप्पांचं बोलणं डोळा न मारता ऐकतंय, असं मी पहिल्यांदा पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता.

सगळे निघाल्यावर लिफ्टपाशी मी हळूच सांगून टाकलं, "आप्पांच्या बोलण्याला थोडा मीठमसाला असतो हं. फार मनावर घेऊ नका." कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. लिफ्टचं दार लागलं आणि मी वळले तर घराचं दार उघडंच होतं. आप्पांनी ऐकलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

ठरलेल्या रविवारी आप्पा माझ्याआधी तयार होते. नवे बूट, टोपी, हातात काठी आणि पिशवीत सगळ्यांसाठी भडंग. कल्याण मागे पडल्यापासून ते खिडकीतून बघत होते आणि प्रत्येक वळणाला काहीतरी सांगत होते. मी पुढच्या सीटवर बसले होते. माझा जीव टांगणीला लागला होता. झाड नसेल तर आप्पा खोटे पडतील आणि असलं तरी पडतील, कारण टेप माझ्या पिशवीत होता. टेपला डोळा मारता येत नाही.

गाव त्यांना ओळखू येईना. जिथे पायवाट सुरू व्हायची तिथे आता शहरातल्या लोकांच्या फार्महाऊसांची वसाहत आणि तिचं लांबच लांब कुंपण होतं. आप्पा त्या कुंपणाच्या कडेने एकदा इकडे गेले, एकदा तिकडे. "इथे विहीर होती," म्हणाले. विहीर नव्हती. सगळे उन्हात थांबले होते. "आप्पा, सावकाश, घाई नाही," असं जो तो म्हणत होता. मला त्या प्रत्येकाच्या सौजन्याची चीड येत होती. मी म्हटलं, "आप्पा, नसेल आठवत तर तसं सांगा. लोकांचा रविवार आहे." ते म्हणाले, "आठवतंय गं. जागाच हललीय."

शेवटी कुंपणाला वळसा घालून, एका सुक्या ओढ्यातून आम्ही वर चढलो. आप्पांना दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. खिंडीत पोचलो आणि समोरची घळ दिसली. सगळा डोंगर उघडाबोडका आणि त्या घळीत हिरवा गठ्ठा, आंब्या-जांभळांचा. त्याच्या मधून, बाकीच्या झाडांना कमरेशी ठेवून, एक राखाडी खोड सरळ वर गेलेलं. शेंड्याला नुकती तांबूस पालवी फुटत होती. आप्पांनी काठी उचलून दाखवली. काही बोलले नाहीत. आयुष्यात त्यांना शब्द न सुचल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

खाली उतरून आम्ही त्याच्यापाशी गेलो. खरं सांगते, असा बेहडा मी पाहिला नव्हता. साल निळसर राखाडी, उभ्या बारीक भेगांची. दोन मजले उंचीपर्यंत एकही फांदी नाही. बुंध्याशी मुळांच्या फळ्या चारी बाजूंना पसरलेल्या आणि त्यांच्या कोनाड्यांत गेल्या मोसमाची वाळलेली फळं साचलेली. आप्पांनी सालीवर तळवा टेकला आणि तसेच उभे राहिले. बाकीचे फोटो काढत होते. आणि मी काय करत होते, तर डोळ्यांनी मोजत होते. टेप काढायच्या आधीच मला कळलं होतं. तीन माणसं. फार तर तीन. पाच कुठल्या कुठे.

तेवढ्यात आप्पा वळले आणि मोठ्याने म्हणाले, "चला, धरा हात. बघू आता किती जण लागतात." त्यांनी स्वतःचा एक हात झाडाला लावला आणि दुसरा बाजूला लांब केला, कुणीतरी धरावा म्हणून.

आता तिघांत वेढा पुरा होणार, चौथा रिकाम्या हाताने उभा राहणार, सगळे आप्पांकडे बघणार आणि मग एकमेकांकडे. सत्यनारायणाचं ताट पुन्हा माझ्या हातात आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "थांबा. आधी मोजू या. मग उन्हं चढतील."

टेप काढला. सर नेहमीप्रमाणे शून्याचं टोक धरायला आले. मी खोडावर छातीच्या उंचीला बोट लावलं आणि मग ते खाली नेलं, गुडघ्याच्या उंचीवर, जिथे मुळांच्या फळ्या सर्वांत जास्त बाहेर आलेल्या होत्या. "सर, इथे धरा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे गुडघे दुखतात, तरी ते वाकले आणि मी दाखवलं तिथे टोक धरून बसले. मी एका फळीच्या कडेवरून दुसऱ्या फळीच्या कडेवर टेप ताणत फिरले. फळ्यांच्या मध्ये टेप हवेतच होता. माझं अख्खं मनगट आत गेलं असतं एवढी पोकळी. फिरून मी सरांपाशी आले. आकडा दोघांनी वाचायचा असतो. मी वाचला, "पावणेआठ मीटर." सर म्हणाले, "हो. पावणेआठ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, जिंकलात." मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

आप्पा मात्र अजून हात लांब करून उभेच होते. "अगं, आकड्याचं राहू दे. हात तर धरा." दोघं-तिघं हसत पुढे निघालेही. आणि मी, जिने आत्ताच त्यांची लाज राखायला आपला धर्म सोडला होता, तीच त्यांच्यावर ओरडले. "आप्पा, पुरे आता. प्रत्येक ठिकाणी तमाशा कशाला?"

पुढे निघालेले जागीच थांबले. आप्पांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली आला. ते म्हणाले, "बरं. राहिलं." आणि पिशवीतून भडंग काढून प्रत्येकाच्या ओंजळीत घालत फिरले. माझ्याही.

परतीच्या वाटेवर ते गप्प होते. दमले असतील असं सगळे म्हणाले आणि मी तेच धरून बसले. जीपमध्येच कुणीतरी फोटो आणि आकडा गटात टाकला, ‘आजवरचं आपलं सर्वांत मोठं झाड, आणि ते दाखवणारे आप्पा’. त्यांना गटात सामीलही करून घेतलं. त्यांचा फोन सारखा वाजत होता.

घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, बूट बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवले आणि मी कणीक मळत होते तिथे स्टूल ओढून बसले.

"हात का धरू दिले नाहीस गं?"

मी म्हटलं, "उशीर होत होता."

"मला बघायचं होतं," ते म्हणाले. "आम्ही पाच जण लागायचो. मी, माझी बहीण आणि चुलत्याची तिघं. सगळ्यांत मोठा तो नऊ वर्षांचा होता. मी सात असेन. बेहड्याच्या बिया फोडून खायचो दगडाने. त्या जास्त झाल्या की डोकं गरगरतं, मग पडू नये म्हणून झाडाला असे वेढा घालून उभे राहायचो, गालफड सालीला लावून. पाचांचे हात कसेबसे पुरायचे. आता मोठ्या माणसांचे हात, म्हटलं तीनच पुरतील. ते बघायचं होतं. आपण किती वाढलो आणि ते किती वाढलं."

माझे हात कणकेत होते.

त्यांनी हे आधी कधी का सांगितलं नाही, असं मला म्हणायचं होतं. पण त्यांनी सांगायचं तरी केव्हा. त्या वाक्याच्या पुढे त्यांना मी किंवा आणखी कुणी कधी जाऊच दिलं नव्हतं. पाच जण म्हटलं की माणसं डोळा मारायची आणि मी कुकरकडे बघायचे. पाच जण कोण, हे विचारायचं साठ वर्षांत एकालाही सुचलं नाही. दावे तपासण्याचा पगार घेणाऱ्या त्यांच्या मुलीलाही नाही. एवढ्या पुरांत आणि सापांत त्यांची एक गोष्ट शब्दाला शब्द खरी होती आणि नेमकी तीच मी खोटी करून आले होते.

मी सांगून टाकलं. टेप खाली लावला, फळ्यांवरून फिरवला, आकडा फुगवला. छातीच्या उंचीवर तो पाच मीटरही भरला नसता. का केलं तेही सांगितलं. सांगताना रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडून सुटका करून घ्यायचीही लाज वाटली.

आप्पा माझ्या पिठाच्या हातांकडे बघत होते. "खाली मोजताना दिसलं होतं मला," ते म्हणाले. "वाटलं, तुमची पद्धत असेल." मग म्हणाले, "म्हणजे तुलाही तसंच वाटायचं."

ते उठले आणि आत जाऊन टीव्ही लावून बसले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. त्यांची माफी मागायची होती, बेहड्यासाठी आणि येऊरच्या आंब्यासाठीही. आंब्यापर्यंत त्यांनी मला पोचूच दिलं नाही. म्हणाले, "अहो ताई, वडिलांसाठी कुणीही वाकलं असतं. आकडा दुरुस्त करून टाका, संपलं." त्यांना माझ्याबद्दल काही वाईट वाटत नव्हतं आणि हेच मला सहन होईना. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी गटात लिहिलं, की कालचा आकडा चुकीच्या उंचीवर घेतलेला आहे, चूक पूर्णपणे माझी, झाड साधारण तीन माणसांच्या कवेचं आहे. कुणीतरी लगेच विचारलं, ‘मग आप्पांचे पाच जण?’ आणि पुढे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे. मी घाईघाईने लिहिलं, की ते पाच जण म्हणजे लहान मुलं होती. ते वाचून लोकांनी बदाम टाकले, हात जोडले. पण मी स्वतः ते वाचलं तेव्हा मलाही ती सारवासारवच वाटली. आधी फुगवलेला आकडा, मग माघार आणि मग लहान मुलं. कुठल्याही दाव्यात मी हे एवढं वाचलं असतं तर कागद बाजूला ठेवून दिले असते. आप्पा गटात होते. त्यांनी ते सगळं वाचलं असणार. त्यांचा फोन उशाशी पालथा ठेवलेला होता.

या गोष्टीला आता काही महिने झाले. आप्पा बोलत नाहीत असं नाही. आमच्या बिल्डिंगखाली ज्येष्ठांचा कट्टा आहे, तिथे जातात. पण गोष्टी आटल्या आहेत. पुराची नदी हल्ली नुसतीच भरलेली असते. साप मोठा होता एवढंच सांगतात. आणि मी जवळपास असले की प्रत्येक दोन वाक्यांनंतर माझ्याकडे वळून विचारतात, "बरोबर ना गं?" ज्या गोष्टी माझ्या जन्माच्या आधीच्या आहेत, त्यांच्याबद्दलही. मी हो म्हणते. पुराला हो म्हणते, सापाला हो म्हणते, डॉक्टरांना हो म्हणते. मला हवं होतं तसंच सगळं झालंय. आई असती तर म्हणाली असती, अगं, घर एवढं शांत का आहे.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले गृहस्थ चहाला आले होते. मुरबाडकडचेच निघाले. गाव कुठलं, वाट कुठली, अशी विचारपूस झाली आणि ते म्हणाले, "त्या घळीत एक मोठा बेहडा आहे म्हणतात. आमचे लोक सांगायचे."

मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. मी नळ बंद केला.

आप्पा म्हणाले, "हो, आहे. बऱ्यापैकी आहे." मग थांबले आणि मान माझ्या दिशेने वळवली. "किती गं तो? तीन जणांचा ना?"

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. त्या गृहस्थांना म्हटलं, "आप्पा लहान होते तेव्हा पाच मुलं लागायची त्याला. ही पाच भावंडं हात धरून वेढा घालायची. बिया खाऊन डोकं गरगरलं की पडू नये म्हणून." मी ते सांगत होते आणि आप्पांकडे बघत होते. पुढचं त्यांनी सांगावं, गाल सालीला लावायचे ते, म्हणून थांबले.

आप्पा बशी पुसत होते. त्या गृहस्थांकडे बघून थोडं हसले, जसं लोक पूर्वी त्यांच्याकडे बघून हसायचे तसं.

"जाऊ द्या हो," ते म्हणाले. "लहानपणचं काय धरायचं. तेव्हा सगळंच मोठं वाटतं."